किती चालली आणि काय काय आहे?

एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन क्रेटा शेजारीशेजारी उभ्या होत्या आणि यार्डाचे मालक दोघींची किंमतही जवळपास सारखीच सांगत होते. दोन्ही २०१९ च्या, दोन्ही डिझेल, दोन्ही एमएच १४ पासिंगच्या. पहिलीचं रनिंग एक लाख आठ हजार. वरचं व्हेरियंट, छताला सनरूफ, किल्ली खिशात ठेवूनच चालू होणारी, मधोमध मोठा स्क्रीन. दुसरी एक्केचाळीस हजार चाललेली. खालचं व्हेरियंट, चाकांना प्लास्टिकच्या कॅप, छत साधं.

चिखलीहून एक कुटुंब बघायला आलं होतं. वडील भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बरोबर मुलगी आणि जावई. वडील दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावून आत डोकं घालून उभे होते. मुलगी पहिलीच्या पुढच्या सीटवर बसून छताची काच मागेपुढे करत होती. वडिलांचा प्रश्न एकच, "किती चाललीय?" मुलीचाही एकच, "काय काय आहे हिच्यात?" मालक दोघांनाही तितक्याच उत्साहाने उत्तरं देत होते. "काका, ही घ्या, नवीकोरीच आहे," आणि लगेच पलीकडे वळून, "मॅडम, एवढी फीचर्स नवीन घ्यायला गेलात तर डबल पैसे."

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला होता 'दुसऱ्यांदा'. पुनर्विवाह, पुनर्वसन, निवृत्तीनंतरची नोकरी अशी वाटणी झाल्यावर माझ्या वाट्याला जुन्या गाड्या आल्या, त्यातही एसयूव्ही, कारण सध्या यार्डात विचारणा तिचीच. वाकडच्या पुढची यार्डं, भोसरीतली गॅरेजं, नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं आणि आरटीओच्या बाहेरची टेबलं असा हिंडलो. त्यातून झालेलं मत आधीच सांगून टाकतो. जुनी गाडी घेताना मीटरवरच्या आकड्याला आपण फार मान देतो, आणि फीचर्सनाही वय असतं हे पार विसरतो.

मामा मीटर शेवटी बघतात

यार्डात विचारलं की प्रत्येक गाडीचा पहिला मालक डॉक्टर असतो. क्वचित बँक मॅनेजर. गाडी 'फक्त दवाखाना ते घर' एवढीच फिरलेली असते आणि सर्व्हिसिंग 'सगळं शोरूमला'. पुणे जिल्ह्यात इतके डॉक्टर असतील तर सरकारी दवाखान्यात रांगा का लागतात, हा प्रश्न मी विचारला नाही.

भोसरीत एका गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. गिऱ्हाईक गाडी घ्यायला निघालं की मामांना बरोबर नेतं. ते तासाभराचे पैसे घेतात. त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ते मीटर शेवटी बघतात. आधी हात बॉनेटवर. बॉनेट गरम लागलं तर मालकाला सांगतात, "उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका." थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, पहिल्या मिनिटात खडखड होते का, हे सगळं गरम करून ठेवलेल्या गाडीत झाकून जातं.

मग दार उघडून ते ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघतात. माणूस रोज त्या कडेवर घासूनच आतबाहेर करतो. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा गुळगुळीत झालेला भाग, गिअरच्या मुठीवरचे पुसलेले आकडे. एक्केचाळीस हजारांत पेडलच्या रबराच्या रेषा जात नाहीत. रबर अगदी कोरं असेल तर मामा आणखी सावध होतात, कारण ते बदललेलं असतं.

त्यानंतर टायर. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. कंपनीतून आलेले टायर सर्वसाधारणपणे चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातात. २०१९ ची गाडी, मीटरवर अडतीस हजार आणि चारही टायर २०२३ चे, असं दिसलं की हिशेब कुठेतरी चुकतोय. टायर वयानेही बदलावे लागतात हे खरं, त्यामुळे एवढ्यावरून कोणाला चोर ठरवता येत नाही. पण विचारायला जागा होते.

मीटर मागे घेणं पूर्वी हाताचं काम होतं. आता वायरचं आहे. मीटरच्या आतल्या चिपमध्ये आकडा साठवलेला असतो. स्टिअरिंगखाली तपासणीसाठी जो सॉकेट असतो त्याला यंत्र जोडून किंवा मीटर काढून टेबलावर घेऊन तो बदलता येतो, आणि हे करून देणारे शहरोशहरी आहेत. मात्र बऱ्याच गाड्यांत हाच आकडा इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्येही नोंदला जातो, आणि मीटरवाला तिथवर पोचतोच असं नाही. चांगला स्कॅनर लावला तर दोन जागी दोन आकडे निघतात. त्याहून सोपा पुरावा सर्व्हिस सेंटरकडे असतो. गाडी आत घेताना प्रत्येक वेळी किलोमीटर लिहून घेतात. विकणाऱ्याला बरोबर घेऊन त्या नोंदींची प्रिंट मागायची. २०२२ साली ऐंशी हजार लिहिलेली गाडी आज साठ हजारांवर उभी असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

मीटर फिरवण्यावर आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. फसवणुकीचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८, आणि ग्राहक आयोग, एवढ्यावरच भागवावं लागतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेणं बंधनकारक झालं आहे. ताब्यातल्या गाडीची प्रत्येक फेरी, कोणी चालवली, किती किलोमीटर, हे नोंदवायचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टरही नियमांत आहे. यार्डात ते रजिस्टर बघायला मागितलं तर आधी चहा येतो.

तासांचा हिशेब

समजा, मीटर खरं आहे. तरी त्या आकड्यातून काय कळतं?

खराडीहून हिंजवडीला रोज जाणारी गाडी घ्या. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तिचा सरासरी वेग ताशी पंधरा किलोमीटर धरू. ती साठ हजार चालली, म्हणजे इंजिन चार हजार तास फिरलं. दुसरी गाडी पुणे-कोल्हापूर करणाऱ्या एखाद्या औषध कंपनीच्या माणसाची. तिचा सरासरी वेग पन्नास धरला तर एक लाख वीस हजारांना दोन हजार चारशे तास. मीटरवर निम्मी दिसणारी गाडी प्रत्यक्षात दीडपटीहून जास्त राबलेली निघते. क्लच, ब्रेक, गिअर बदलणं, थंड इंजिन पुन्हा पुन्हा चालू करणं, यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. महामार्गावर साताऱ्यापर्यंत क्लचला पाय लागतो तरी किती वेळा?

डिझेलच्या बाबतीत हा फरक १ एप्रिल २०२० नंतर आणखी टोकदार झाला. त्या दिवसापासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी आली. काजळी त्यात अडकते आणि ती जाळायला धूर खूप तापावा लागतो. गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने पळाली की हे आपोआप होतं. मुलाला शाळेत सोडून तीन किलोमीटरवर भाजी घेऊन परत, अशा आयुष्यात ते होत नाही. काजळी साठते, दिवा लागतो, जाळायचा प्रयत्न अर्धवट राहतो, आणि त्यासाठी फवारलेलं जादा डिझेल काही इंजिनांत खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. मग ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. मामा ऑइलची पट्टी काढून नुसती पातळी बघत नाहीत, वासही घेतात. गाळणी बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून बीएस-६ डिझेल, चार वर्षांत अठरा हजार किलोमीटर, 'मॅडम शहरातच वापरायच्या', ही जाहिरात वाचून लोक धावतात तेव्हा मामा डोक्याला हात लावतात.

उभ्या गाडीचे रोग आणखी वेगळे. बॅटरी उतरते, टायर कडक होतात, ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो, एसीच्या सिलातून गॅस निसटतो, आणि सोसायटीच्या तळघरात उंदीर वायरी कुरतडतात. ऑइल किलोमीटर झाले नाहीत म्हणून बदललेलं नसतं. ते वर्षानेही बदलायचं असतं.

याचा अर्थ लाखावर चाललेली गाडी डोळे मिटून घ्यावी असा नाही. त्या टप्प्यावर खर्च येतातच. क्लच प्लेट, शॉकअप, खालच्या आर्मचे बुश, काही इंजिनांत टायमिंग बेल्ट. रेनो डस्टरच्या दीड लिटर डिझेलला बेल्ट आहे आणि तो वेळेत बदलला नाही तर तुटून व्हॉल्व्ह वाकतात. जुन्या ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेलला चेन आहे. गाडी बेल्टची की चेनची, एवढा प्रश्न विचारला तरी यार्डातला माणूस गिऱ्हाइकाकडे नीट बघायला लागतो. मामा इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडतात. तिथून भपाभप धूर उसळला तर "बॅक कॉम्प्रेशन आहे" म्हणत झाकण परत लावतात आणि निघतात. लाखावर चाललेल्या पण नीट राखलेल्या गाडीत तिथे नुसती हलकी वाफ असते.

आणि इथेच गिऱ्हाइकाचा फायदा आहे. अठ्ठ्याण्णव हजार आणि एक लाख चार हजार या दोन गाड्यांत यांत्रिक फरक काहीच नसतो, पण मीटरवर सहावा आकडा दिसला की भाव सरळ खाली येतो. लाखाची कामं करून घेतलेली, बिलं जपलेली, महामार्गावर फिरलेली, एका मालकाची एक लाख दहा हजारांची गाडी हा माझ्या मते बाजारातला सगळ्यात दुर्लक्षित माल आहे.

छताला काच

भोसरीतल्याच एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात एक एसयूव्ही छताचं आतलं अस्तर उतरवून ठेवलेली होती. अस्तरावर तपकिरी ओघळ. गाडी तीन वर्षं गुलमोहराखाली उभी राहायची. सनरूफच्या चारही कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात; काचेच्या फटीतून झिरपलेलं पाणी त्या खांबांच्या आतून खाली सोडतात. पाकळ्या आणि धूळ यांनी त्या तुंबल्या की पाणी अस्तरावर, तिथून सीटवर, कधी खालच्या वायरिंगवर उतरतं. नळ्या फुंकून साफ करायचं काम अर्ध्या तासाचं, आणि ते कोणी करत नाही. नळ्यांबद्दल पुस्तिकेत लिहिलेलं असतं; पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच असते.

फीचर्सबद्दल यार्डात कोणी सांगत नाही ती गोष्ट हीच, की तीही झिजतात. टचस्क्रीन एका कोपऱ्यात बोट ओळखायचं बंद करतो. वाऱ्याच्या सीटमधला पंखा कुरकुरतो. बटणावर उघडणाऱ्या डिकीची मोटार अर्ध्यावर थांबते. आणि खरा फास पुढे आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना खालच्या आणि वरच्या व्हेरियंटमध्ये चार-पाच लाखांचं अंतर असतं. सहा वर्षांनी यार्डात ते लाख-दीड लाखावर येतं. म्हणून टॉप मॉडेल स्वस्तात पडल्यासारखं वाटतं. पण त्याचा एलईडी हेडलाइट फुटला तर येणारा भाग आजच्या भावाने येतो. खालच्या व्हेरियंटला साधा बल्ब असतो; तो वाटेतल्या कुठल्याही दुकानात मिळतो. वरच्या व्हेरियंटला मोठी अलॉय चाकं, त्यांना रुंद आणि कमी उंचीचे टायर; ते महाग, आणि आपल्या खड्ड्यांत रिम वाकण्याची शक्यताही जास्त. एक्सयूव्ही ७०० सारख्या २०२१ नंतरच्या काही गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो. अशा गाडीची काच बदलली की कॅमेरा पुन्हा मापात बसवून घ्यावा लागतो. ते न करता नुसती काच चिकटवलेली गाडी आपोआप ब्रेक लावेल की नाही, ते देवाला माहीत.

कंपनीच निघून गेली असेल तर हा हिशेब आणखी उलटापालटा होतो. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि एन्डेव्हर, इकोस्पोर्टचे जुन्या बाजारातले भाव हलले. एवढी दणकट बांधणी आणि एवढी सोय या भावात दुसरीकडे मिळणार नाही, असं म्हणणारे लोक मला भेटले, आणि एका आरशासाठी महिनाभर थांबलेलेही.

नाना पेठेत एक गोष्ट लख्ख दिसते. दुकानांत अँड्रॉइडचे स्टिरिओ, मागचे कॅमेरे, सेन्सर, सीट कव्हर, अलॉय चाकं, आर्मरेस्ट, सगळं टांगलेलं असतं. खालच्या व्हेरियंटला हे सगळं दोन दिवसांत बसतं, हवं तेवढंच आणि नव्या वॉरंटीसह. यांच्यासाठी टॉप मॉडेलला जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. मागाहून बसत नाहीत अशा गोष्टी निराळ्या असतात.

मागाहून न बसणाऱ्या गोष्टी

त्या यार्डातल्या दोन क्रेटांकडे परत जाऊ. २०१८-१९ च्या क्रेटामध्ये खालच्या डिझेल व्हेरियंटला १.४ लिटरचं इंजिन यायचं, सुमारे ९० पीएसचं, वरच्यांना १.६ लिटरचं, १२८ पीएसचं. म्हणजे ज्या दोन गाड्यांची तुलना वडील आणि मुलगी 'रनिंग की सनरूफ' अशी करत होते, त्यांची इंजिनंच वेगळी होती. मालकांनी हे सांगितलं नव्हतं. जावयाने दोन्ही चालवून बघितल्या तेव्हा त्याच्या पायाला कळलं. पाच माणसं आणि सामान घेऊन ताम्हिणी चढायची असेल तर हा फरक छताच्या काचेपेक्षा कितीतरी मोठा.

तसंच एअरबॅगचं. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी १ जुलैपासून, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग सगळीकडे यायला २०२२ उजाडलं. त्याआधीच्या गाड्यांत सुरक्षेच्या गोष्टी व्हेरियंटप्रमाणे वाटलेल्या असायच्या. त्या क्रेटामध्ये सनरूफ असलेल्या सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग नव्हत्या. त्या अगदी वरच्यालाच. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी ईएससीही अशीच वरच्या पायऱ्यांवर ठेवलेली असायची, आणि उंच गाडीला तिची गरज सगळ्यात जास्त. इथे मात्र मी मुलीच्या बाजूचा आहे. ईएससी आणि एअरबॅग यांच्यासाठी तीस हजार किलोमीटर जास्त चाललेली गाडी खुशाल घ्यावी.

फक्त एक बघायचं. इग्निशन चालू केल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर तो मारून ठेवलेला असू शकतो. अपघातात उघडलेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं कव्हर बसवून गाडी विकायला आणणारे आहेत.

चिखलीच्या कुटुंबाने त्या दिवशी कुठल्याच गाडीला टोकन दिलं नाही. मग मी जावयाला विचारलं, रोजचं रनिंग किती? वीस-बावीस किलोमीटर, तेही शहरात. त्याला डिझेल हवं होतं ते ॲव्हरेजसाठी. कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचे ॲव्हरेजचे आकडे ठरलेल्या चाचणीतून येतात, आणि वाकडच्या सिग्नलला ती चाचणी लागू होत नाही. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरवर डिझेलची बचत क्लचच्या एका कामात संपते. त्यांनी शेवटी पेट्रोलमध्ये मधलं व्हेरियंट शोधायला घेतलं. पेट्रोल म्हटलं की हल्ली वीस टक्के इथेनॉलची विचारणा होते. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर कंपनीने त्या मॉडेलबद्दल काय सांगितलंय ते बघून घ्यावं.

पासिंग बघून गाडी ओळखणारे

जुन्या बाजारातली माणसं नंबर प्लेट बघून अर्धी पत्रिका मांडतात. एमएच ०७, ०८ म्हणजे सिंधुदुर्ग, रत्नागिरी. खारा वारा. अशा गाडीखाली आडवं झोपून चासी, सायलेन्सर, दारांच्या खालच्या कडा बघायच्या. एमएच ०९, एमएच १० आणि चिपळूण, महाड भागातल्या गाड्यांना आणखी एक प्रश्न: पुराच्या वेळी कुठे होती? ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी बाद धरते आणि ती लिलावात जाते. लिलावातून गेलेली प्रत्येक गाडी भंगारात पोचते असं नाही.

पुरातल्या गाडीला फीचर्स जितकी जास्त तितकी ती वाईट, कारण तिच्या पोटात वायरिंग आणि कनेक्टर जास्त. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहते. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरवर हिरवट बुरशी, सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ. आणि भर उन्हात सगळे एअर फ्रेशनर काढायला लावून पाच मिनिटं काचा बंद करून बसायचं.

डीएल पासिंगच्या गाड्या आपल्याकडे स्वस्त दिसतात, कारण दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेलवर २०१५ पासून निर्बंध आले आणि त्या गाड्या एनओसी घेऊन बाहेर पडल्या. टॉप मॉडेल, कमी भाव. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवला आणि नव्या नंबरासाठीच्या फेऱ्या धरल्या की स्वस्ताई बरीच उतरते. पिवळ्या पाटीवरून पांढऱ्यावर आलेल्या गाड्याही पाहाव्यात. रूपांतराची नोंद कागदात असते, बाहेरून काही दिसत नाही.

पितृपंधरवड्यातला भाव

यार्डाच्या मालकांना विचारलं, घासाघीस कधी जमते? ते हसले. "पितृपक्षात या."

दसरा-दिवाळीला लोक नवी गाडी घरी आणतात आणि जुनी एक्स्चेंजला सोडतात, त्यामुळे कार्तिकात यार्डं भरतात. जानेवारी लागला की प्रत्येक गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालक हळवे होतात. पितृपक्षात गिऱ्हाईकच फिरकत नाही. २०२५ चा पितृपक्ष तर यार्डवाल्यांच्या कायम लक्षात राहील. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी कपात जाहीर झाली, ती २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेला, लागू होणार होती. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनांच्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, मोठ्यांवरचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के झाले. नवी नेक्सॉन स्वस्त झाल्यावर दोन वर्षं जुनी नेक्सॉन आधीच्या भावात कोण घेणार? आधीच्या भावाने खरेदी केलेला माल अंगावर आला. अशा वेळी जुन्या टॉप मॉडेलच्या किमतीत नवं खालचं मॉडेल वॉरंटीसह मिळतं का, हे एकदा शोरूमला जाऊन बघितलेलं बरं. यार्डात बसून ते सुचत नाही.

यार्डातून घेतलेल्या गाडीवर विक्रेत्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो. तो किमतीतच धरलेला असतो. पूर्ण किमतीवर वेगळा जीएसटी लावून कोणी मागत असेल तर उठावं.

टोकन दिल्यानंतर

आरटीओबाहेरचे एजंट म्हणतात, गाडी बघायला लोक आठवडा घालवतात आणि कागदाला दहा मिनिटं. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, कितवा मालक, ई-चलान किती थकलेत, हे परिवहनच्या ॲपवर आणि वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर कळतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी पाटी बसवलेली हवी. विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो. त्यामुळे 'पन्नास टक्के बोनसची पॉलिसी आहे' या वाक्याला किंमत शून्य, आणि ते वाक्य मी तीन ठिकाणी ऐकलं.

किमतीतून आणखी एक रक्कम बाजूला काढून ठेवायची, पहिल्या महिन्याची. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळे फिल्टर, बॅटरी, आणि टायर म्हातारे असतील तर टायर. मामा हे गाडी घेण्याआधी लिहून देतात आणि मालकासमोर कागद ठेवतात. भाव बऱ्याचदा त्याच कागदावर तुटतो.

मी गेलो त्या दुपारी एजंटच्या टेबलापाशी एक गृहस्थ उभे होते. त्यांनी दोन वर्षांपूर्वी गाडी एका दलालामार्फत विकली, फॉर्मवर सह्या केल्या आणि विसरून गेले. गाडी कोणाच्याच नावावर झाली नव्हती. आता नांदेडकडच्या कॅमेऱ्यांची चलानं त्यांच्या मोबाईलवर येत होती, आणि त्यांच्या फास्टॅगमधून अधूनमधून टोल कापला जात होता.

"घेणाऱ्याचा नंबर आहे का?" एजंटने विचारलं.

"दलालाचा होता," ते म्हणाले. "आता लागत नाही."

एजंटने आधी फास्टॅग बंद करायला सांगितलं आणि मग पोलिसांत द्यायच्या अर्जाचा कागद पुढे ओढला.